सहा खड्यांचा पंजा आणि कारागिराचा हक्क

खेळण्यांच्या घाऊक बाजारात ज्यांची उठबस आहे, त्यांना तो सोनेरी पंजा चांगलाच परिचयाचा आहे. प्लॅस्टिकचा हातमोजा, त्यावर सहा रंगांचे सहा खडे, आणि बटण दाबताच लागणारे दिवे. मुले त्याला ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ म्हणतात. कथेत या खड्यांना अवकाश, काळ, मन, आत्मा, वास्तव आणि बळ यांवर हुकमत दिलेली आहे. खरी हुकमत कोणाची, हे मुस्लिम घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. तेव्हा कथेच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. या पानावर आम्हाला पाहायचा आहे तो या पंजाचा हिशोब. तो घडवला कोणी, त्यावर कमावले कोणी, आणि घडवणाऱ्याच्या पदरात काय पडले?

एका खड्यापासून सुरुवात

अशा अद्भुत वस्तूंची कल्पना अमेरिकन चित्रकथांत जुनी आहे. १९४० साली मार्टिन नोडेल या चित्रकाराने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंदील हलवणारा कर्मचारी पाहिला आणि त्यावरून ‘ग्रीन लँटर्न’चा कंदील व अंगठी सुचली. १९६६ साली स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी ‘कॉस्मिक क्यूब’ हा मनातील इच्छा पुरी करणारा चौकोनी ठोकळा आणला. १९७२ साली मार्व्हल कंपनीच्या कथेत एका नायकाच्या कपाळावर हिरवा खडा बसवण्यात आला. या एका खड्याचेच पुढे सहा झाले.

हे सहा खडे एका पंजात बसवून त्यांची मोठी कथा रचली ती जिम स्टार्लिन यांनी. पंजा घालणारा खलनायक थॅनोस हाही १९७३ साली त्यांनीच जन्माला घातला होता. ‘द इन्फिनिटी गॉन्टलेट’ ही सहा अंकांची मालिका १९९१ साली निघाली. लेखन स्टार्लिन यांचे, चित्रे जॉर्ज पेरेझ व रॉन लिम यांची.

दिवाळे आणि भरभराट

त्यानंतर पाचच वर्षांत, डिसेंबर १९९६ मध्ये, मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिला सावरणारी कंपनी खेळण्यांची निघाली, हे आमच्या व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे. ‘टॉय बिझ’ नावाच्या या खेळणी कंपनीशी १९९८ साली मार्व्हलचे विलीनीकरण झाले. कागदावरच्या चित्रापेक्षा त्या चित्राचे खेळणे जास्त कमावते, हा हिशोब त्यांना पक्का ठाऊक होता.

२००५ साली मार्व्हलने स्वतःचे चित्रपट काढण्यासाठी मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरची सोय केली. व्याजी कर्जाचा हा मार्ग आपला नव्हे. तथापि तारण काय ठेवले होते ते पाहण्याजोगे आहे. जमीन नाही, यंत्रे नाहीत, गोदामातील माल नाही. तारण होते दहा पात्रांचे चित्रपटहक्क. हाती धरता न येणाऱ्या वस्तूची केवढी ही किंमत! २००९ साली डिस्नेने ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना घेतली.

पुढे चित्रपटांतून एकेक खडा प्रेक्षकांसमोर आला. जुना चौकोनी ठोकळा २०११ साली ‘टेसरॅक्ट’ या नावाने पडद्यावर दिसला. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’ने जगभरात २०० कोटी डॉलरच्या वर, तर २०१९ च्या ‘एंडगेम’ने सुमारे २८० कोटी डॉलर गल्ला जमवला. एकट्या भारतात ‘एंडगेम’ची निव्वळ कमाई साडेतीनशे कोटी रुपयांच्या पुढे गेली. चित्रपटातील खड्यांचे रंग मूळ चित्रकथेहून वेगळे होते. तेव्हा चित्रकथेतील रंगच बदलून चित्रपटासारखे करण्यात आले. बाजाराचा जोर असा असतो. लेगो कंपनीने २०२१ साली ५९० तुकड्यांचा पंजा विक्रीस आणला. २०२२ साली सॅन डिएगो येथील प्रदर्शनात तर अस्सल रत्ने जडवलेला पंजा मांडला गेला. त्याची किंमत अडीच कोटी डॉलर सांगितली गेली.

घडवणाऱ्याचा वाटा

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१७ मध्ये स्टार्लिन यांनी जाहीरपणे सांगितले की, दुसऱ्या कंपनीच्या एका चित्रपटात त्यांचे एक दुय्यम पात्र वापरले गेले. त्याबद्दल मिळालेला धनादेश मार्व्हलच्या चित्रपटांतील थॅनोस, गमोरा व ड्रॅक्स या तिघांबद्दल मिळालेल्या एकत्रित रकमेपेक्षा मोठा होता. पुढे त्यांनी नव्याने बोलणी करून आपला करार सुधारून घेतला. हे त्यांना जमले, कारण ते हयात होते, नावाजलेले होते आणि बोलले. जॅक कर्बी १९९४ सालीच वारले. त्यांच्या वारसांना अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तडजोड झाली ती २०१४ साली.

असे का घडले? त्या काळी मानधनाच्या धनादेशामागे मजकूर छापलेला असे. वटवण्यासाठी पाठीवर सही केली की सर्व हक्क कंपनीचे. घरभाडे थकलेला चित्रकार सही करून मोकळा होई. सुपरमॅन घडवणाऱ्या दोघा तरुणांनी १९३८ साली आपले सर्व हक्क १३० डॉलरला दिले. तोच धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला. हक्क विकल्याच्या कागदाला हक्कापेक्षा हजारपट किंमत आली, आणि तीही त्या दोघांच्या मृत्यूनंतर.

आपल्या घरातली बांगडी

या अद्भुत वस्तूंच्या रांगेत अलीकडे एक बांगडीही आली आहे. कमला खान ही पाकिस्तानी कुटुंबातील अमेरिकन मुस्लिम मुलगी २०१३ साली मार्व्हलच्या चित्रकथेत आली. ती घडवण्यात संपादिका सना अमानत व लेखिका जी. विलो विल्सन या दोन मुस्लिम महिलांचा मोठा हात आहे. २०२२ च्या ‘मिस मार्व्हल’ मालिकेत तिची शक्ती पणजीपासून चालत आलेल्या बांगडीतून जागी होते आणि कथा १९४७ च्या फाळणीच्या आगगाडीपर्यंत जाते. अशा बांगड्या घडवणारे हात आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्या हातांच्या नावावर काय राहते, हा खरा प्रश्न आहे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, नवीन नक्षी, साचा किंवा घाट तयार केला तर तो बाजारात दाखवण्यापूर्वी डिझाइन कायदा २००० खाली नोंदवावा. संरक्षण दहा वर्षे मिळते व आणखी पाच वर्षे वाढवता येते. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातही देता येतो. नोंदणी न करता यंत्राने पन्नासाहून अधिक नग काढले, तर त्या नक्षीवरील कॉपीराइटही संपतो. आमच्या किती कारखानदारांना हे माहीत आहे?

दुसरी गोष्ट, व्यापाऱ्याला नक्षीचा हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी व सहीचे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कोरे व्हाउचर किंवा ‘सर्व हक्क कायमचे’ असा मजकूर असलेल्या पावतीवर सही करू नये.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या हक्कालाही हात लावू नये. परवान्याशिवाय नकली पंजे विकणे हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्यांनी ती करून घ्यावी.

आपल्याला हे नवीन नाही. सूरह बकरहमध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, साक्षीदार ठेवण्याचा आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा न करण्याचा हुकूम आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकत आलो आहोत. कारखानदार बांधवांना आमची विनंती आहे की, कारागिराने नवी नक्षी आणून दाखवली तर मजुरीबरोबर नक्षीचा मोबदलाही ठरवावा आणि तो वहीत कारागिराच्या नावानिशी लिहावा. कारागिरांनीही त्या पानाची एक नक्कल आपल्या घरी ठेवावी.