ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टोकांवर चढणारा क्षार

ऐन पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर चालू होऊ नये व बॅटरी निकामी झाली असे समजून शेतकऱ्याने नवी घेण्यास निघावे, असे पुष्कळदा घडते. त्या खर्चात पडण्यापूर्वी बॅटरीची टोके एकवार तपासावीत, असे आम्ही आमच्या वाचकांस सुचवितो.

बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असते. ती चार्ज होताना आम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडून टोकांवर पांढरा अथवा निळसर क्षार चढतो. हा क्षार विजेस अडवितो. स्टार्टरला २०० अँपिअर प्रवाह लागतो असे धरल्यास, सांध्यातील ओहमच्या अवघ्या शंभराव्या भागाचा अडथळाही १२ पैकी २ व्होल्ट गिळतो.

इंजिन बंद करून प्रथम सांगाड्यास जोडलेली, बहुधा ऋण, तार सोडावी; मग दुसरी. बॅटरीची झाकणे घट्ट असावीत, कारण सोडा आत गेल्यास आम्ल नष्ट होते. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून क्षारावर ओतावा. फेस शमताच ब्रशाने घासावे, पाण्याने धुऊन कोरडे करावे. तारा उलट क्रमाने घट्ट जोडून वर व्हॅसलीन लावावे.

बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. सबब जवळ विडी ओढू नये. आम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धूत राहून त्वरित डॉक्टरांकडे जावे. क्षार वारंवार चढल्यास बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत नाही ना, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे.