हॅशटॅगनंतरचा कागद

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ही ती चार नावं. विषय होता मथुरा प्रकरण. मार्च १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला होता. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, असा न्यायालयाचा एकूण सूर होता. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या गरीब मुलीनं आरडाओरडा करायचा तरी कुणाच्या भरवशावर, हा त्या पत्रातला खरा सवाल होता.

पत्र हातोहात फिरलं. वर्तमानपत्रांत आलं, सभांमध्ये वाचलं गेलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि त्या वर्षीच्या ८ मार्चला शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. फेरविचाराची मागणी न्यायालयानं मानली नाही, पण १९८३ मध्ये संसदेनं कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी नोंद झाली, अशा खटल्यात स्त्रीनं ‘संमती नव्हती’ असं सांगितलं तर ते गृहीत धरलं जाऊ लागलं, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला.

आज हेच पत्र एका संध्याकाळीत देशभर पोचलं असतं. पण पत्र फिरण्यापासून कायदा होण्यापर्यंत मध्ये जे घडलं, ते कोणतंही यंत्र आपोआप करून देत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या ऑनलाइन स्त्रीवादी मोहिमा तपासताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या मोहिमेच्या मागे अर्ज, ठराव, याचिका, समिती असा कागद उभा राहिला ती टिकली. जिथे तो उभा राहिला नाही, तिथे संताप खरा असूनही आठवड्याभरात विरून गेला.

यादी, ट्वीट आणि न्यायालय

‘मी टू’ हे शब्द अमेरिकेत तराना बर्क यांनी २००६ पासून वापरले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते हॅशटॅग होऊन जगभर गेले. त्याच महिन्यात, अमेरिकेत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या राया सरकार यांनी फेसबुकवर लैंगिक छळाचे आरोप असलेल्या भारतीय प्राध्यापकांची यादी प्रसिद्ध केली. यादीत नावं होती, तपशील बहुतेक ठिकाणी नव्हता. त्यावर ज्येष्ठ स्त्रीवादी कार्यकर्त्यांनीच निवेदन काढून हरकत घेतली. निनावी आरोपांनी माणसं दोषी ठरू लागली तर आपण लढून मिळवलेल्या चौकशी समित्यांचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. तरुण मुलींचं, विशेषतः दलित-बहुजन मुलींचं उत्तर रोखठोक होतं : त्या समित्यांवर बसतं कोण, आणि आमचं ऐकतं कोण?

दोन्ही बाजूंकडे तथ्य होतं. राजस्थानातल्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचं काम केल्याबद्दल सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून महिला संघटना न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, बाहेरची एक सदस्य, नव्वद दिवसांत चौकशी असं सगळं त्यात लिहिलेलं आहे. आणि तरीही मुली यादीकडे वळल्या. समित्या नीट चालत असत्या तर यादीची गरजच पडली नसती.

सप्टेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी जुनी तक्रार पुन्हा मांडली आणि चित्रपटसृष्टी, वृत्तपत्रं, जाहिरात या सगळ्या क्षेत्रांतून बायका बोलू लागल्या. ऑक्टोबरमध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी तत्कालीन केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. आणखी अनेक महिला पत्रकारांनी आपापले अनुभव सांगितले. अकबर यांनी रमाणींवर बदनामीचा फौजदारी खटला भरला आणि १७ ऑक्टोबरला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रमाणींच्या वाट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात दोन वर्षांहून अधिक काळ तारखा आल्या. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. स्त्रीला आपली तक्रार कितीही वर्षांनी, कोणत्याही व्यासपीठावर मांडता येते आणि प्रतिष्ठेचा हक्क तिच्या सन्मानाची किंमत देऊन जपता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ट्वीटला कागदाचं बळ मिळालं ते असं, उलट्या बाजूनं.

मुतारी आणि ग्रामसभा

ऑनलाइन मोहिमांची चर्चा नेहमी इंग्रजी शहरी वर्तुळात घुटमळते. महाराष्ट्रात मात्र दोन मोहिमा अगदी वेगळ्या वाटेनं गेल्या.

मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. कोरो आणि इतर अनेक संस्था त्यात होत्या आणि मुमताज शेख यांच्यासारख्या वस्तीतून आलेल्या कार्यकर्त्या पुढे होत्या. प्रश्न सगळ्या बायकांना पाठ असलेला : पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईनं मात्र सार्वजनिक शौचालयाच्या दारात बसलेल्या माणसाच्या हातावर पैसे टेकवायचे. लघवीला पैसे नाहीत असा नियम असला तरी आत जाऊन तू काय करणार हे मला काय ठाऊक, असा त्या माणसाचा सवाल. म्हणून मासळी विकणारी, फेरीवाली, दिवसभर ट्रेननं फिरणारी बाई पाणीच पीत नाही आणि मूत्रमार्गाचा संसर्ग अंगावर काढते. कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डात पाहणी केली, सह्या गोळा केल्या आणि तो गठ्ठा घेऊन त्या महापालिकेत गेल्या. नावाची थट्टा झाली, पण त्या थट्टेनंच विषय समाजमाध्यमांवर आणि बातम्यांत आणला. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं याच प्रश्नावर उच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची योजना आखण्याचे आदेश महापालिकांना दिले. अंमलबजावणी अजून रडतखडतच चालली आहे, पण आता मागणी करणाऱ्या बाईच्या हातात आदेशाची प्रत आहे.

दुसरी मोहीम कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर असा प्रसंग येऊ नये, असं प्रतिज्ञापत्रच त्यांनी स्वतः करून ठेवलं. ठराव व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करण्याचं आवाहन केलं. इथे क्रम उलटा आहे. आधी कागद झाला, मग तो फोनवर आला. त्यामुळे तो वाचणाऱ्या प्रत्येक गावाला पुढे काय करायचं याचा नमुनाही सोबत मिळाला.

फोन कुणाच्या हातात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होतं. ज्या बाईकडे स्वतः वापरायचा फोन आहे, तिचाही तो अनेकदा घरातल्या कुणाच्या नजरेखाली असतो.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामाला दांडी झाली तर खाडा लागतो, म्हणजे उचलीत दंडाची भर. मासिक पाळी, पोटदुखी, अंगावरून जाणं, सगळ्यावर एकच ‘इलाज’ सांगितला जातो : पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ही गोष्ट त्या बायकांनी हॅशटॅग लावून सांगितली नाही. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी फडावर जाऊन ती बाहेर आणली, मग समाजमाध्यमांनी तिला आवाज दिला.

फडावर मुकादमानं हात टाकला तर या बाईनं जायचं कुठे? तिला ना कार्यालय, ना अंतर्गत समिती. २०१३ च्या कायद्यात तिच्यासाठी, घरकामगार बाईसाठी, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातल्या मुलीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे आणि तालुक्याच्या पातळीवर तक्रार घ्यायला अधिकारी आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या समितीचा फोन नंबर कुठे मिळतो, हे सुशिक्षित वाचकांपैकी तरी किती जणांना सांगता येईल?

बोलण्याची किंमत

सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली आणि त्यावरून पुण्यातल्या एका पत्रानं समस्त स्त्रीजातीला झोडपलं. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुस्तकावर इतकी आग पाखडली गेली की जोतीराव फुल्यांना त्यांच्या बाजूनं लिहावं लागलं. ताराबाईंचं पुढचं लेखन मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. बोलणाऱ्या बाईला गप्प करण्याची रीत तेव्हाचीच, आता तिला गती आली आहे. अ‍ॅम्नेस्टीनं २०१९ च्या निवडणूककाळात ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली लाखाहून जास्त ट्वीट्स तपासली, तेव्हा दर सातांतलं एक शिवीगाळीचं किंवा अवमानाचं निघालं. मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला धर्मावरून येणारी शिवीगाळ इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त होती. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या अ‍ॅपवर मुस्लिम पत्रकार-कार्यकर्त्यांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही जणांना अटक केली.

या बाबतीत कायदा पुष्कळ पुढे आलेला आहे. इंटरनेटवरून पाळत ठेवणं, पाठलाग करणं २०१३ पासून गुन्हा आहे. नग्न किंवा बनावट छायाचित्राबद्दल तक्रार आली तर ते २४ तासांत काढण्याचं बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातलं. पण ठाण्यात गेलेल्या मुलीला अजूनही ‘अकाउंटच बंद करून टाक ना’ असा सल्ला मिळतो, तिथे घोडं अडतं.

पुढची मागणी

कागद असला म्हणजे न्याय होतोच असं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीनं चौकशी इतकी घाईनं उरकली की १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि प्रकरण २००९ च्या टप्प्यावर परत पाठवलं. चौदा वर्षं गेली, नुकसान दोन्ही पक्षांचं झालं. त्याच निकालात न्यायालयानं कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं आणि पुढे डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमण्याची, स्थानिक समित्या स्थापण्याची मुदत घालून दिली.

समानता मिळाली, आता ही आरडाओरड कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एकच आकडा पुरे : २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर अवघ्या २१ स्त्रिया निवडून आल्या. निर्णय घेणाऱ्या खोलीत बाई नसेल तर तिला दारावर धडका द्याव्याच लागतात आणि आजच्या घडीला फोन हे त्यातलं सर्वांत स्वस्त साधन आहे. ते वापरणाऱ्या मैत्रिणींना सुचवावंसं वाटतं की पुढचा हॅशटॅग नेमकी मागणी करणारा असावा. आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं, फोन नंबर आणि वर्षभरात आलेल्या तक्रारींची संख्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या, पंचायत समितीच्या, साखर कारखान्याच्या फलकावर लागली पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो करून आलेलं उत्तर समाजमाध्यमावर टाकावं. उत्तर न आल्यास तेही टाकावं, सोबत अपिलाची तारीख लिहून.