एसी कॉन्ट्रॅक्टरचा दायित्व विमा

एसी बसवताना किंवा दुरुस्त करताना कॉन्ट्रॅक्टरच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले आणि ते भरून देण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती रक्कम विमा कंपनी भरते. हा दायित्व विमा. धंद्यात त्याला नुसते ‘लायबिलिटी’ म्हणतात. गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, तसा हा नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1991 मध्ये आलेला सार्वजनिक दायित्व विमा कायदा अशी सक्ती करतो, पण ती ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने हाताळणाऱ्यांपुरती. घरोघरी एसी बसवणारा त्यात येत नाही. मग पॉलिसी पुष्कळदा निघते ती एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या वर्क ऑर्डरमध्ये अट असते म्हणून, आणि न वाचताच फाइलला लागते.

धोके मात्र वर्क ऑर्डर पाहून येत नाहीत. तांब्याच्या नळीला ब्रेझिंग करताना ज्योत फॉल्स सीलिंगपासून कधीकधी वीतभरच लांब असते. जुन्या विटांच्या भिंतीत ब्रॅकेटचा बोल्ट नीट धरला नाही, तर तीसेक किलोंचे आउटडोर युनिट थेट खालच्या रस्त्यावर. गॅसही बदलले आहेत. जुना आर-22 सहसा पेट घेत नसे. आता सर्रास वापरला जाणारा आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि काही एसींमधला आर-290 म्हणजे तर चक्क प्रोपेन. गळती तपासायला नायट्रोजन हाताशी नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणे हा निव्वळ जिवाशी खेळ. कॉम्प्रेसरमधले तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

पॉलिसी नेमके कशाचे पैसे देते, इथेच बहुतेक वाद होतात. समजा, ड्रेन पाइपला उतार कमी पडला, पाणी भिंतीत मुरले आणि खालच्या फ्लॅटमधले पीओपी टीव्हीवर कोसळले. पीओपी आणि टीव्हीची भरपाई पॉलिसीतून मिळू शकते. पाइप उखडून पुन्हा उतार देण्याचा खर्च मात्र कॉन्ट्रॅक्टरच्याच खिशातून जातो, कारण स्वतःचे सदोष काम सुधारून देणे विम्यात बसत नाही. दुरुस्तीसाठी दुकानात आणलेल्या युनिटचे पीसीबी जळाले तर तेही साधारणपणे वगळलेले असते. ताब्यातल्या वस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. हॉलच्या टनेजचा हिशेबच चुकला, तर ती सल्ल्यातली चूक ठरते आणि तिच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी ही निराळी पॉलिसी असते. सेंट्रल प्लांटची उभारणी असेल तर ‘इरेक्शन ऑल रिस्क’ घेतात. तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग जोडता येतो.

स्वतःची माणसे या तिऱ्हाइतांत मोडत नाहीत. शिडीवरून पडलेल्या हेल्परसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी काढावी लागते. 1923 च्या कायद्यातले सूत्र 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वेतन 15,000 रुपये आणि वय 30 धरले, तर गुणक 207.98 आणि भरपाई 15,59,850 रुपये. मालकाची चूक होती की नाही, हा प्रश्न इथे गौण. चार माणसे हाताशी धरून धंदा करणाऱ्याचे घर या एका आकड्यात बुडू शकते, आणि तरी खर्चात कात्री लागते ती आधी याच हप्त्याला.

तारखांकडे तर कोणी बघतच नाही. काही पॉलिसी अपघात केव्हा घडला ते पाहतात, काही दावा केव्हा आला ते. दुसऱ्या प्रकारात मार्चमध्ये नूतनीकरण चुकले आणि फेब्रुवारीतल्या आगीची नोटीस जूनमध्ये आली, तर हाती काहीच लागत नाही. काम सोपवून झाल्यावर त्यातूनच घडलेल्या नुकसानीचे संरक्षण आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे लागते. शिवाय एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते, आणि सुरुवातीची काही रक्कम प्रत्येक दाव्यात कॉन्ट्रॅक्टरलाच सोसावी लागते.

नुकसान झाल्यावर पहिली चूक बहुधा तोंडाने होते. समोरचा माणूस चिडलेला असतो आणि कॉन्ट्रॅक्टर भिडेपोटी बोलून जातो, “चूक आमचीच, भरून देतो.” कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, परस्पर पैसेही द्यायचे नाहीत, अशी अट या पॉलिसींमध्ये असते. त्यामुळे आधी फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेयर येईपर्यंत जागा शक्यतो तशीच ठेवावी. दावा नाकारला गेला तर एकल मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करू शकतो. लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंत भरपाई देववू शकतो, आणि त्याची कार्यालये मुंबई आणि पुणे अशा दोन्ही ठिकाणी आहेत.