भूत कुणाचं होतं?

आमच्या बुऱ्हाणपुरात भुतांना तोटा नाही. त्यामुळे एडिंबराला आल्यावर ऑफिसातला एक सहकारी मला म्हणाला, "या डिसेंबरच्या जेवणाला तुला खरीखुरी भुताटकीची जागा दाखवतो," तेव्हा मी मनातल्या मनात हसले.

जेवण डलहौसी कॅसलमध्ये होतं. शहराच्या दक्षिणेला बॉनीरिग गावाजवळ, झाडीत उभा असलेला लालसर दगडाचा किल्ला. रॅमसे घराण्यानं तो सातशेहून जास्त वर्षं सांभाळला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड 1298 मध्ये इथे मुक्कामाला होता. 1400 मध्ये चौथ्या हेन्रीनं वेढा घातला, तेव्हा सर अलेक्झांडर रॅमसेनं तो सहा महिने लढवला. 1972 पासून तिथे हॉटेल आहे. एकेकाळी कैदी ठेवायचे त्या तळघरात आता मेणबत्त्या लावून जेवण वाढतात.

आणि अर्थातच भूत आहे. करड्या कपड्यांतली एक बाई, लेडी कॅथरीन. घराण्यातल्या एका पुरुषाचं तिच्यावर प्रेम होतं, त्याच्या बायकोनं तिला बुरुजात कोंडलं आणि ती अन्नावाचून मेली, अशी गोष्ट सांगतात. जिन्यावर रेशमी कपड्यांची सळसळ ऐकू येते म्हणे. सूप येईपर्यंत आमची अख्खी टीम खुर्च्या जवळ ओढून बसली होती.

माझं लक्ष मात्र किल्ल्याच्या नावात अडकलं होतं. डलहौसी म्हणजे आपला तो डलहौसी? हो, तोच. 1848 ते 1856 हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड डलहौसी 1812 मध्ये याच किल्ल्यात जन्मला आणि 1860 मध्ये याच किल्ल्यात वारला. शाळेत आपण घोकलेली "संस्थानं खालसा" करण्याची यादी याच माणसाची. 1848 मध्ये सातारा, 1854 मध्ये झाशी आणि नागपूर. नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यातलं जडजवाहीर, हत्ती, घोडे सगळं लिलावात निघालं.

मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "लॉर्ड डलहौसींचं भूत नाही का दिसत कुणाला?" ती हसून म्हणाली, "नाही, फक्त ती बाईच दिसते."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला आहे. एका जागी इतकी माणसं जगतात, मरतात, मारली जातात. त्यातल्या नेमक्या कुणाचं भूत होतं, आणि कुणाचं होत नाही?

2025 च्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा हा प्रश्न सोबत घेऊनच गेले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बुऱ्हाणपूर फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असेल. भुसावळहून खंडव्याकडे जाताना लागतं ते. तापीच्या काठचं गाव. यंत्रमागांची खडखड, केळीच्या बागा, सकाळी मावा जिलबी आणि पाहुण्यांसाठी दराबा. निम्म्या गल्लीत मराठी, निम्म्या गल्लीत हिंदी आणि उर्दू, आणि आमच्यासारख्या घरांत एकाच वाक्यात तिन्ही.

गावापासून वीसेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या डोंगरावर असीरगड आहे. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचं दार म्हणायचे. आमचं सगळ्यात मोठं भूत तिथे राहतं. खरं तर ते भूत नाही, कारण ते मेलेलंच नाही. तो अश्वत्थामा. कपाळावरचा मणी काढून घेतल्यावर राहिलेली जखम घेऊन तो गडावर फिरतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे जखमेवर लावायला तेल आणि हळद मागतो, आणि जो त्याला बघतो त्याचं डोकं फिरतं. गडावरच्या महादेवाच्या देवळात भल्या पहाटे पिंडीवर ताजं फूल वाहिलेलं असतं, ते त्यानंच वाहिलेलं, अशी सगळ्यांची खात्री.

माझी आजी दिवाळीच्या पहाटे आम्हाला तेल लावायच्या आधी बोटानं तेलाचे सात थेंब जमिनीवर सोडायची, सात चिरंजीवांच्या नावानं. पुष्कळ मराठी घरांत ही रीत आहे. पण आमच्याकडे पहिला थेंब सोडताना आजी खिडकीतून उत्तरेकडे बघायची. तिच्या दृष्टीनं अश्वत्थामा हा पुराणातला कुणी नव्हता, वीस किलोमीटरवर राहणारा एक दुखणाईत माणूस होता.

याच गडावर माझ्या डलहौसीच्या प्रश्नाचं एक टोक सापडलं. 1819 मध्ये नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून फिरत होते, त्यांना असीरगडाचा आसरा मिळाला. गड तेव्हा शिंद्यांचा होता आणि जसवंतराव लाड किल्लेदार होते. इंग्रजांनी वेढा घालून तोफा डागल्या आणि एप्रिल 1819 मध्ये गड घेतला. अप्पासाहेब तोवर निघून गेले होते. राज्य गमावलेला हा राजा पुढे पंजाबकडे भटकला आणि 1840 मध्ये जोधपूरला वारला. म्हणजे ज्या नागपूरच्या गादीचा शेवट डलहौसीनं केला, त्या गादीचा एक पळता धनी आमच्या गडावर दडला होता. भळभळती जखम घेऊन रानोमाळ हिंडणारा माणूस म्हणावा तर हाच. पण त्याची गोष्ट गडावर मला कुणीच सांगितली नाही. सगळे अश्वत्थाम्याचीच सांगतात.

आता गावातल्या भुताकडे येऊ. तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराचसा ढासळलेला, पण त्यातला हमाम अजून उभा आहे आणि त्याच्या छतावरची रंगीत नक्षी मान मोडेपर्यंत बघत राहावी अशी आहे. इथे मुमताज महल वारली. शाहजहान बादशहा खानजहान लोदीचं बंड मोडायला दख्खनमध्ये उतरला होता, गरोदर बेगम सोबत होती. 17 जून 1631 ला चौदाव्या बाळंतपणात तिनं प्राण सोडला. वय अवघं अडतीस. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात दफन केलं. आहू म्हणजे हरीण, म्हणजे ही हरणांची बाग. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्ऱ्याला हलवला. ताजमहाल पुढचा.

देह गेला, पण आत्मा इथेच राहिला, असं गाइड सांगतात. रात्री किल्ल्यात बाईचं कण्हणं ऐकू येतं. लहानपणी संध्याकाळी नदीवर खेळताना कुणी "बेगम आली" असं ओरडलं, की आम्ही चपला टाकून पळत सुटायचो.

या वेळी मात्र मी पळाले नाही. आहूखान्यात बसून मोबाइलवर 1631 या वर्षाबद्दल आणखी काय सापडतं ते वाचत राहिले. आमच्या धंद्यात सवयच असते, एक नोंद सापडली की तिच्या मागच्या-पुढच्या नोंदी बघायच्या.

1630 मध्ये पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे दुष्काळ पसरला आणि पुढची दोन वर्षं तो हटला नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी 1630 च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला. वाटेवर आणि गावागावांत पडलेली प्रेतं त्यानं लिहून ठेवली आहेत. बादशहाचा स्वतःचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की लोक हाडं दळून पिठात मिसळून विकत होते. बादशहानं बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेला लंगर उघडले. तो बुऱ्हाणपुरात होता तोवर दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जायचे, असे वीस सोमवार. साराही माफ केला. तरी माणसं मरतच राहिली.

म्हणजे किल्ल्यात बेगम कळा देत होती, तेव्हा किल्ल्याच्या भिंतीबाहेर लंगरापुढे भुकेल्यांच्या रांगा होत्या. आम्ही ज्या वाळूत खेळलो, त्याच वाळूत त्या वर्षी किती माणसं आडवी झाली असतील. त्यांच्यातल्या एकाचंही भूत आमच्या गावात नाही. एकही आई पोराला "गप झोप, नाहीतर दुष्काळातला भुकेला येईल" असं म्हणत नाही.

आणि मग मला आठवलं, हा दुष्काळ आपल्या ओळखीचा आहे. याच दुष्काळानं देहूत तुकोबांचं घर मोडलं. त्यांची थोरली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा संतोबा गेला. सावकारी बुडाली. त्या दुःखाबद्दल तुकोबांनी स्वतः अभंगात लिहिलं आहे.

मी तिथे किती वेळ बसून होते कोण जाणे. एकाच काळात, एकाच मुलखात दोन पुरुषांच्या बायका गेल्या. एक बाळंतपणात, एक भुकेनं. एकाकडे राज्य होतं, त्यानं संगमरवर उभारला. दुसऱ्याकडे कर्जदारांची खतं होती, ती त्यानं इंद्रायणीत सोडून दिली आणि शब्द उरले ते लिहिले. मुमताजचं दुःख खोटं नव्हतं. चौदा बाळंतपणं सोसलेल्या बाईची मला कीवच येते. पण रखुमाबाई आपल्याला ठाऊक आहे ती केवळ तिचा नवरा तुकाराम होता म्हणून. बाकीच्या हजारो रखुमाबाईंना ना ताजमहाल, ना अभंग, ना साधं भूत.

ही यादी इथेच संपत नाही, आणि ती आपल्या सोयीचीही नाही. याच गावात 1622 मध्ये जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो, बापानंच डोळ्यांनी अधू केलेला, धाकट्या भावाच्या कैदेत मेला. तो भाऊ म्हणजे पुढचा शाहजहान, आणि खुसरोचा खून त्यानंच करवला असं इतिहासकार मानतात. 1681 च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेनं बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला. आपण ते पराक्रम म्हणून वाचतो, आणि औरंगजेबाला बसलेला तो धक्का होताही. पण बहादूरपुऱ्यातल्या दुकानदाराच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, हा प्रश्न त्या गावात वाढलेल्या मुलीला पडल्यावाचून राहत नाही.

या लुटीवरून आठवलं. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला आणि मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्री दिवे हलताना दिसू लागले. भुतं नव्हती. सिनेमात बुऱ्हाणपूरचा खजिना पाहून लोक टॉर्च, कुदळी आणि धातू शोधायची यंत्रं घेऊन मोगली मोहरा खणायला आले होते. पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागला. गोष्टीत ताकद असते ती ही. जी गोष्ट आपण सांगतो, तिच्यासाठी लोक रात्री शेत खणतात. जी सांगत नाही, ती पायाखाली असूनही कुणाला दिसत नाही.

आजी आता नाही. त्या दिवाळीला पहाटे मुलाला तेल लावताना थेंब मी सोडले. सात झाल्यावर त्यानं विचारलं, "झाले?" मी आणखी एक सोडला. "हा कुणाचा?" मी म्हटलं, "नदीकाठच्या लोकांचा." त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "ते पण गडावर राहतात?" मी म्हटलं, "नाही रे, त्यांना राहायला जागाच मिळाली नाही." मग तेल डोळ्यांत गेल्यानं त्याची रडारड सुरू झाली आणि विषय तिथेच थांबला.

तर मंडळी, सुट्टीत भारतात जाल तेव्हा एक दिवस बुऱ्हाणपूरसाठी काढा. हमामाचं छत बघा, असीरगड चढा, मावा जिलबी गरम असतानाच खा. आहूखान्यात गाइड बेगमेच्या आत्म्याची गोष्ट सांगेल, ती जरूर ऐका, फार रंगवून सांगतात. ती संपली की त्याला एवढंच विचारा, "भाऊ, त्या वर्षी या गावात आणखी कोण कोण मेलं?"