अकराची पाउणकी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या माणदेशात पाणी आपल्या पायांनी चालत येत नाही. ते विहिरीतून ओढावे लागते, टँकरने आणावे लागते, नाहीतर आभाळाकडे बघून मागावे लागते. त्यामुळे पाणी ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते आणि हे दिवसातून दोनदा, कुणी न मागता घडते, ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच मनातून खरी वाटत नव्हती. मी ती भूगोलाच्या पेपरात मात्र लिहिली होती. आकृती काढून, चंद्र-सूर्य एका रेषेत मांडून. गुणही बरे पडले होते. त्या गुणांच्या जोरावर गेल्या मे महिन्यात मी घरच्या अकरा माणसांना समुद्रात नेऊन उभे केले. त्याची ही हकीकत, आणि मागाहून जे मला कळले त्याचे थोडे स्पष्टीकरण.

यंदा कांद्याचे चार पैसे हाताला लागले होते. आजीने उभ्या जन्मात चंद्रभागेपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. तिने एकदाच म्हटले, "डोळं हायती तंवर समिंदर बघून घ्यावा." झाले, भाड्याची जीप ठरली. आबा, आजी, आई-वडील, काका-काकू, आत्या, मी, माझा भाऊ आणि काकांची दोन मुले. फलटण, पुणे, खोपोली, पेण असे करीत रात्री उशिरा आम्ही अलिबागला पोचलो. वाटेत धाकटा तीन वेळा ओकला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी वैशाख शुद्ध एकादशी. काकांनी निघाल्यापासून मासळीचा बेत मनात धरला होता. पण माळकरी आई समोर उपाशी बसलेली असताना सुरमई मागवण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्यांनी साबुदाण्याची खिचडी ज्या चेहऱ्याने खाल्ली तो मला अजून आठवतो. आजीने मात्र समुद्राला हळदकुंकू वाहिले, रुपयाचे नाणे टाकले, बोट बुडवून चाटले आणि म्हणाली, "एवढं पानी, आन् प्यायला घोटभर न्हाई!" आबा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून लाटांत उभे राहिले, ते जेवायची वेळ झाली तरी हलेनात. पायाखालची वाळू सरकते तेव्हा गुदगुल्या होतात, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना समजले. ते लहान मुलासारखे हसत होते.

समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास त्याचे काम सुरू केले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे तो ठाणे झाला. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला तो बेट होतो. सकाळी तो बेट होता. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. काही कळेनासे झाले की अलीकडे सगळे माझ्याकडेच पाहतात. मोबाइलवर मी वेळ काढली: ओहोटी, दुपारी २ वाजून ४५ मिनिटे. मी हिशोब सांगितला. पावणेतीनला ओहोटी लागणार, ती सहा तास टिकणार. निवांत जेवा, झोपा, ऊन उतरले की जाऊ.

इथे माझे चुकले. आणि माझ्यासारखी ही चूक करणारे पुष्कळ असावेत, म्हणून ती जरा उलगडून सांगते. एस.टी.च्या वेळापत्रकात २.४५ लिहिलेले असते तेव्हा गाडी पावणेतीनला सुटते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात २.४५ लिहिलेले असते तेव्हा पाणी शेवटच्या थांब्याला पोचलेले असते. ओहोटी तेव्हा सुरू होत नाही, संपते. पाणी सकाळच्या भरतीपासून सहा तास उतरतच आलेले असते. पावणेतीनला ते सर्वांत खाली जाते आणि लगेच माघारी फिरते. म्हणजे किल्ल्यात पायी जायचे तर त्या वेळेच्या आधीच निघायला हवे, आणि ती टळली की परतीची तयारी करायला हवी. आम्ही निघालो पावणेचारला.

तरीही समुद्राने आम्हाला अडवले नाही, हीच खरी फसवणूक. पाणी घोट्याच्या जरा वर होते. पलीकडे घोडागाड्या जात होत्या, माणसे जात होती. आम्ही बावीस चपला वाळूवर, पाण्यापासून चांगल्या वीस पावलांवर, ओळीने मांडल्या आणि हातात हात धरून निघालो.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. त्याची चाल नागपंचमीच्या झोक्यासारखी असते. झोका दोन्ही टोकांना मंदावतो, क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि मध्ये सर्वांत जोरात जातो. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या हिश्शांचा हिशोब करतात. एकूण चढ बारा भाग धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा एकूण चढ २४० सेंटिमीटर आहे. तर पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटरच वाढेल आणि नवख्याला वाटेल, काही होत नाही. पुढच्या दोन तासांत मात्र शंभर सेंटिमीटर, म्हणजे माझ्या कमरेच्याही वर. आम्ही नेमके पहिल्या तासाच्या शेवटी पाण्यात उतरलो होतो.

किल्ल्यात आजीने गणपतीचे दर्शन घेतले, गोड्या पाण्याने तोंड धुतले. चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, या गोष्टीने ती इतकी हरखली की तिथून उठेचना. दाराजवळच्या एका गृहस्थांनी "लवकर उरका" म्हटले. आम्हाला वाटले, किल्ला बंद करायची वेळ झाली असेल. आबा तटाचे दगड हाताने चाचपत फिरत होते. चुना नाही, नुसते दगडावर दगड; आमच्या शेताच्या ताली रचाव्यात तसे. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो, असे सांगतात. आबांनी आयुष्यभर ताली रचल्या आहेत. त्यांना ते सांगावे लागले नाही.

साडेपाचच्या सुमारास दाराबाहेर आलो तेव्हा वाट नव्हती. आम्ही जिथून आलो तिथे मातकट, वेगाने सरकणारे पाणी होते. काका पुढे झाले ते मांडीपर्यंत बुडाले, आणखी चार पावलांवर कमरेपर्यंत, आणि त्यांचा मोबाइल तिथेच निकामी झाला. धाकट्याने भोकाड पसरले. काकू कुणाकडे न पाहता म्हणाली, "शिकल्याली हाय न्हवं घरात?" वडील काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

शेवटी परतणारी एक घोडागाडी मिळाली. गाडीवान वयस्कर होते. त्यांनी आजी-आबांना आणि दोन्ही पोरांना वर घेतले; आत्या आणि मी मागे लोंबकळलो, बाकीचे गाडीला धरून पाण्यातून चालत आले. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होते. आजीचा एक हात माझ्या मनगटावर होता आणि ती विठ्ठलाचे नाव घेत होती. तिचा हात इतका घट्ट असू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

काठाला लागल्यावर गाडीवानांनी विचारले, "आजी, आज तिथी कंची?"

"एकादस. उपास हाय माझा."

"मग अकराचे पाऊणपट किती?"

मी बोटे मोडीपर्यंत आबा म्हणाले, "सव्वाआठ." आबा चौथीपर्यंत शिकले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी त्यांना आजही झोपेत विचारली तरी येते.

"सव्वाआठला भरती. सकाळी बी, रातच्याला बी. मधी अडीचला सुकती. दोनला जायचं आन् तीनच्या आत माघारी यायचं. आन् हे भांगाचं दिवस, पाणी पुरतं सुकत बी नाही."

एवढेच. आजीजवळ तिथी होती, आबांजवळ पाउणकी होती, गाडीवानांजवळ नियम होता. माझ्याजवळ मोबाइल होता.

हा नियम चालतो का, हे मी घरी येऊन तपासले. तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते; ३६० अंशांच्या तीस तिथी. आणि भरतीची वेळ ठरते तीही मुख्यतः याच अंतरावर. पृथ्वीची जी बाजू चंद्रासमोर असते तिथले पाणी तो जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूचे कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, म्हणून भरती दिवसातून दोनदा. पण पृथ्वीची फेरी होईतो चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळाने पाहिले तर भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीला काटकोनात ओढतात, तो भांग. पाण्याला हे कळायला एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो, म्हणून एकादशीपर्यंत भांगाचा परिणाम रेंगाळतो. इंग्रजी तारखेवरून यातले काहीच कळत नाही. आजीच्या उपासावरून सगळे कळते.

कोकण किनाऱ्याच्या या भागात अमावास्या-पौर्णिमेची भरती साधारण बाराच्या सुमारास येते, म्हणून हिशोब इतका सोपा. दुसऱ्या किनाऱ्यांवर बाराऐवजी वेगळी वेळ धरून मोजावे लागेल.

दुसरा दिवस बारस, म्हणजे नऊ. आम्ही नऊनंतर किनाऱ्यावर गेलो. भरतीने काड्या, शेवाळ आणि नारळाची शेंडी जिथे सोडली होती त्या रेषेने चालत गेलो आणि बावीसपैकी नऊ चपला सापडल्या. त्यांत जोड्या दोनच, एक काकूची. काकू मग बरी बोलू लागली.

परतताना जीपमध्ये आबा बराच वेळ गप्प होते. पेण जवळ आले तेव्हा म्हणाले, "पोरी, पंधराची पाउणकी सव्वाअकरा. मग आवसंला बारा कसं म्हणतीस?"

मला उत्तर आले नाही. एका चिठ्ठीमागे मी भागाकार केला. चोवीस तास भागिले तीस तिथी, प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटे गळतात आणि पंधरा तिथींत पाऊण तास बुडतो. अकरा तिथींत ३३ मिनिटे; म्हणजे काटेकोर हिशोबाने भरती पावणेनऊच्या पुढे. मोबाइलची ओहोटी गाडीवानांच्या अडीचपेक्षा थोडी उशिराची होती ती यामुळेच असावी. आणि ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटका.

हे सांगितल्यावर आबा खूश झाले. "मग दोन घटका म्हणायचं की सरळ! पाउणकी कशाला?"

मी म्हटले, घड्याळे आल्यावर घटका गेल्या असतील आणि तासाचे चार-पंचमांश कुणाला पाठ नसतील. पाउणकी सगळ्यांना पाठ होती. आबांना ते पटले नाही. पेणला जीप थांबली आणि सर्वांना रबरी सपाता घेतल्या, तरी ते दुकानदारालाही विचारीत होते की, तुमच्याकडे आवसंला भरती नक्की किती वाजता येते?