मिडास राजा आणि चहा-टोस्ट

ग्रीक पुराणातील मिडास राजाने डायोनायसस देवाकडे वर मागितला, की हात लावीन त्याचे सोने व्हावे. वर मिळाला, पण तोंडाशी नेलेला घासही सोन्याचा झाला आणि राजा उपाशी राहिला. अखेर पॅक्टोलस नदीत स्नान केल्यावर त्याची सुटका झाली.

आपल्या काल्हेरमध्ये गोदामात कामावर जाण्याच्या घाईत चहात गोड टोस्ट बुडवून न्याहारी उरकणारे पुष्कळ आहेत. टोस्टचा सोनेरी रंग मोहक खरा; पण पोषणाच्या दृष्टीने तो मिडासचाच घास!

मैदा, साखर व वनस्पती तूप यांचा पाव कापून पुन्हा भाजला, की टोस्ट होतो. भाजताना पाणी उडते, म्हणून तो हलका लागतो. उष्मांक मात्र उडत नाहीत. शंभर ग्रॅम पावात सुमारे २५०, तर तेवढ्याच टोस्टमध्ये ४०० च्या आसपास उष्मांक असतात. तंतू कमी असल्याने रक्तातील साखर झटकन चढते आणि भूकही लवकर लागते. 'पचायला हलका' म्हणून मधुमेही रुग्णांना रोज टोस्ट देणे तर अधिकच घातक.

त्याऐवजी भाकरी-भाजी, शेंगदाणे घातलेले पोहे, मोड आलेली मटकी किंवा उकडलेले अंडे घ्यावे. मधुमेहींनी उपाशीपोटी राहू नये. आहारातील बदल डॉक्टरांना विचारून करावा.

तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची सरकारी मर्यादा आहे. आपल्या बशीतील टोस्टवरची मर्यादा मात्र आपणच घालायची आहे.