बंदीच्या दोन महिन्यांत बोटीची बॅटरी का बसते?

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. या दिवसांत आपण जाळी दुरुस्त करतो, इंजिनाचं ऑइल बदलतो, रंग काढतो. बॅटरीची आठवण मात्र १ ऑगस्टच्या पहाटे होते, सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसतो तेव्हा. जेटीवर असताना शेजाऱ्याची बॅटरी लावून भागतं. खोल पाण्यात तसं झालं तर इंजिन नाही, वायरलेस नाही, जीपीएसही नाही.

बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत असते. आपल्या उकाड्यात महिन्याला साधारण पाच ते दहा टक्के. तेवढ्याने ती मरत नाही. खरा चोर वेगळाच असतो. एखादा दिवा, स्टिरिओ किंवा ओल धरलेली वायर गुपचूप करंट खात राहते. हिशोब करून बघा: फक्त ५० मिलीअँपिअर गळती धरली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, ६१ दिवसांत ७३. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाऊण भाग गेला! आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. लवकर चार्ज केली तर तो विरघळतो, आठवडे गेले की घट्ट बसतो. मग कितीही चार्ज करा, पूर्वीचा जोर येत नाही.

म्हणून आमचं सांगणं, बॅटरी सोडवून घरी आणा. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह; लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पान्हा चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. पण एक सांभाळा: बोट पाण्यात उभी असेल आणि बिल्ज पंप त्याच बॅटरीवर चालत असेल, तर पंपाची दुसरी सोय केल्याशिवाय ती काढू नका. पावसाचं पाणी भरून बोट बसली तर बॅटरी वाचवून काय उपयोग?

घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा. चार्जरचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा पुरे, १०० च्या बॅटरीला १० अँपिअर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. विहिरीचं किंवा नळाचं पाणी अजिबात नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी आणि जवळ विडी-काडी नको. स्वयंपाकघरात तर लावूच नका. २४ व्होल्टची जोडी असेल तर साध्या १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक सुटी करून लावा.

मग महिन्यातून एकदा मीटर लावायचा. चार्जरवरून काढून रात्रभर ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ ला आली की परत चार्ज करा. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करणारे बरेच आहेत. त्या पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेलं कसंबसं भरून निघतं, आधीची तूट तशीच राहते. शेडमध्ये उभ्या असलेल्या वडिलांच्या जुन्या फियाटलाही हेच लागू. सिमेंटच्या लादीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हीसुद्धा जुनीच समजूत; आजच्या प्लास्टिकच्या डब्याला लादीने काही होत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी मात्र गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, झाकणं घट्ट लावून, आणि सुकल्यावर व्हॅसलिन चोळा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बॅटरी बोटीवर चढवून सेल्फ मारा, दुसऱ्याला मीटर धरायला सांगा. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली गेली, तर ती दुकानात नेऊन तपासून घ्या. जोडीतली एक गेली असेल तर दोन्ही एकदम बदला, नवीला जुनी ओढते.